पुढे दोन, मागे दोन

अप्पांना चहा घेणार की कॉफी असं विचारायचं नाही, ही आमच्या सोसायटीतली जुनी ताकीद होती. नव्याने राहायला आलेल्या घरी हमखास चूक व्हायची. अप्पा आधी घरातल्या बाईंकडे बघायचे, मग साहेबांकडे, आणि विचारायचे, "तुम्ही काय घेताय?" बाई म्हणाल्या चहा आणि साहेब म्हणाले कॉफी, की अप्पांचा चेहरा पडायचा. शेवटी ते अर्धा कप चहा आणि अर्धा कप कॉफी घ्यायचे. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत, उगाच दोन कप खरकटे नकोत म्हणून, त्यांनी दोन्ही एकाच कपात ओतून घेतलं, डोळे मिटून पिऊन टाकलं आणि म्हणाले, "दोघांचंही छान झालंय."

"दोघांचंही" हा अप्पांचा लाडका शब्द. नाशिकच्या मखमलाबाद रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी शाळेत चित्रकला शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत. आमच्या इमारतीला पुढून पिस्ता आणि मागून बदामी रंग आहे, तो अप्पा अध्यक्ष असतानाचा. रंगाच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले होते. चित्रकलेचा माणूस म्हणून त्यांनी मलाही विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?" मी सांगितलं, त्यांनी मनापासून ऐकलं, आणि दोन्ही रंगांचे डबे मागवले.

नोकरीत ते पेठ तालुक्यात सरकारी साहेब होते. खातं सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही खात्यात घडली असती. एका गावाला हातपंप मंजूर झाला. वरचा पाडा म्हणाला आमच्याकडे हवा, खालचा पाडा म्हणाला आमच्याकडे. पाणी दोन्ही जागी होतं. अप्पा दोन्ही पाड्यांवर जेवले, दोन्हीकडचं गाऱ्हाणं ऐकलं, मग दोरी धरून अंतर मोजलं आणि बरोबर मधोमध पंप घेतला. तिथे खाली नुसता कातळ. थेंब लागला नाही. हे अप्पा अभिमानाने सांगायचे. "मास्तर, एक तक्रार आली नाही. एका पाड्याला पाणी दिलं असतं तर दुसरा जन्मभर दुखावला असता." त्या पंपाच्या दांड्याला पुढे गावकरी बैल बांधू लागले म्हणे.

अशा माणसाला जिवापाड प्रिय अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आक्का. आई लवकर गेली तेव्हा ह्या थोरल्या बहिणीनेच अप्पांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. मग तिचं लग्न झालं ते थेट पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका गावात. नागपंचमीला भावाने बहिणीला माहेरी आणायची रीत आहे. आणि नुसता "ये" म्हणून निरोप धाडून भागत नाही, भावाने स्वतः न्यायला जावं लागतं. आक्काने सत्तरी ओलांडली, घरात सुना-नातसुना आल्या, पण रीत ती रीत. न्यायला आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. पंचमीला बाई सासरीच दिसली की गावात दोनच अर्थ निघतात: एक तर भावजय खाष्ट आहे, नाहीतर भाऊ उरला नाही.

नोकरी होती तोवर अप्पा सरकारी जीपमधून थाटात जायचे. तिच्या टायरांची काळजी सरकारला. निवृत्तीनंतर त्यांनी छोटी गाडी घेतली आणि पहिल्याच श्रावणात ती गावाखालच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. ज्या गावात साहेब म्हणून उतरायचे, त्याच गावाने साहेबांची गाडी "हय्या हय्या" करत ढकलली. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर मागपासून पुढपर्यंत चिखल उडाला. ते अप्पांच्या मनाला फार लागलं. "आक्का, आता दणकट गाडी घेतो आणि मगच येतो," असं सांगून ते परतले. पुढच्या पंचमीला गाडी बघणं चालू होतं, म्हणून ते गेलेच नाहीत.

अखेर गुढीपाडव्याला दणकट गाडी आली. पांढरी शुभ्र पिकअप, पुढे बसायला दोन रांगा, मागे हौदा, आणि चारही चाकांना एकदम जोर देणारा फोर बाय फोरचा दांडा. पार्किंगमध्ये पूजा झाली, पेढे वाटले. तिथेच अप्पांच्या साडूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या यजमानांनी, वाकून टायर पाहिले. हे कारभारीभाऊ दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार.

"गाडी झ्याक हाय अप्पा, पन टायर शहरातलं. चिखलात घालायची आसंल तर मड टायरच टाका. ह्ये मोठालं ठोकळं, ह्या खोल खाचा. चिखल धरतंय आन् मागं फेकतंय. बाकीचं समदं शोभेचं."

पलीकडे अप्पांचे व्याही उभे होते. विठ्ठलराव, सिन्नरला औद्योगिक वसाहतीत त्यांचा स्वतःचा कारखाना. ते हसले आणि खास व्याह्यांच्या नम्रतेने म्हणाले, "अप्पासाहेब, तुमचा निर्णय. पण नाशिकपासून पेठच्या पुढपर्यंत चांगला रस्ता, चिखल शेवटचा दीड-दोन किलोमीटर. मड टायर डांबरावर गिरणीसारखे घरघरतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की सरकतात. ऑल टेरेन घ्या. रस्त्यालाही चालतात, चिखलालाही चालतात."

दोन्हीकडे चालणारे टायर! माझ्या मते हे टायर कारखान्याने अप्पांचा स्वभाव समोर ठेवूनच ओतले असावेत. पण छे. ते घ्यायचे तर व्याही जिंकले आणि साडू हरले असं झालं असतं. संध्याकाळी अप्पा माझ्याकडे येऊन बसले. "मास्तर, मुलगी व्याह्यांच्या घरात आहे आणि साडूंची बायको रोज आमच्या हिच्याशी तासभर फोनवर असते. एक दुखावला तर टोमणे मुलीला, दुसरा दुखावला तर मला. शिवाय बघायला गेलं तर दोघांचंही बरोबर आहे."

मग अप्पांनी जनमत अजमावायला सुरुवात केली. दूधवाला झाला, दाताचा डॉक्टर झाला, सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी झाले. मिसळ खायला गेलो तर शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचा पाव हातातच राहिला आणि अप्पा त्याला विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं, मड की ऑल टेरेन?" मलाही विचारलं. माझ्याकडे एक स्कूटर आहे, तिला दोन टायर आहेत आणि ते कोणते हे मला अजूनही माहीत नाही. मी तसं सांगितलं. "तुमचंही बरोबर आहे," अप्पा म्हणाले. ते मोबाईलवर टायरांचे व्हिडिओ बघत बसायचे. त्यात कुणी गोरा माणूस वाळवंटात, बर्फात, ओढ्यात गाडी घालून शेवटी ठामपणे सांगायचा की अमुकच टायर घ्या. अप्पा उसासा टाकायचे. "ह्याला ठरवता येतं मास्तर. ह्याला व्याही नसणार."

या खलबतात श्रावण आला. अप्पांनी आक्काला फोन केला. मी समोर होतो. "आक्का, गाडी आलीय, पण टायरांचं ठरत नाहीये. ह्या पंचमीला जरा अवघड दिसतंय." फोनमधून आक्काचा स्वच्छ आवाज मलाही ऐकू आला. "बघ बाबा. दमानं बघ." एवढंच म्हणाली. तिच्या नातवाने मात्र मागाहून फोन करून सांगितलं की गावातल्या बाया म्हातारीला विचारतात, "आक्का, भाऊ हाय ना आजून?" अप्पांनी फोन ठेवला आणि खिडकीतून पार्किंगमधल्या पिकअपकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. मी म्हटलं, "अप्पा, कुठलेही चार टायर टाका आणि जा." ते म्हणाले, "कुठलेही म्हणजे कुणाचे?"

त्याच्या पुढच्या वर्षी आषाढातच अप्पा जिना चढून धापा टाकत वर आले. चेहऱ्यावर तेज होतं. "मास्तर, सुटलं! इतकं सोपं होतं. पुढे दोन ऑल टेरेन, मागे दोन मड. व्याही समोरून येतात, साडू मागच्या फाटकाने. दोघांचंही मन राहिलं."

द्वारका चौकाजवळच्या टायरवाल्या सलीमभाईंनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. "अप्पा, असं कुणी टाकत नाही. मडचं चाक किंचित मोठं असतं. आगे के चाक का हिसाब अलग, पीछे का अलग. टाकायचेच असतील तर टाकतो, पण मग फोर बाय फोर लावू नका, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी मधली पेटी तुटेल." म्हणजे लग्न लावा, पण नवरा-नवरीला एका घरात ठेवू नका. अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सलीमभाई, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही माझे साडू पाहिले नाहीत." आणि टायर चढले. व्याही पुढून बघून खूश झाले, साडू मागून बघून खूश झाले. बाजूने बघायची वेळ कुणावर आली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. साक्षीदार म्हणून मी. पेठ नाका मागे पडला आणि अप्पांनी फोर बाय फोरचा दांडा ओढला.

"अप्पा, सलीमभाई नको म्हणाले होते ना? आणि अजून सगळा कोरडा रस्ता आहे."

"कंपनीच्या पुस्तकात लावा म्हटलंय, सलीमभाई म्हणतात लावू नका. म्हणून शहरात लावला नाही, आता लावला. दोघांचंही राहिलं."

करंजाळीपर्यंत मागचे टायर घरघरत होते आणि पुढचे गप्प होते. पुढे घाटाची वळणं सुरू झाली तशी गाडी प्रत्येक वळणाला उचकी लागल्यागत उडू लागली. खालून कटकट असा आवाज येई. अप्पा म्हणाले, "नवीन आहे, अंगवळणी पडेल." पेठ गेलं, मोठा रस्ता सुटला, लाल चिखलाचा तो प्रसिद्ध चढ समोर आला. अप्पांनी बाह्या सरसावल्या, आक्काचं नाव घेतलं आणि गाडी घातली. पहिल्या वळणापर्यंत ती खरोखर छान चढली. मग पोटात काहीतरी मोठ्याने फुटलं. इंजिन चालू होतं, पण ना पुढची चाकं हलत होती, ना मागची. पुढच्यांचं आणि मागच्यांचं जमवता जमवता बिचारी मधली पेटी गेली होती.

अप्पा खाली उतरले, गाडीला टेकून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मास्तर, आता ती काय म्हणेल हो? पुन्हा सगळं गाव ढकलायला येणार." तेवढ्यात वरून एक म्हातारी येताना दिसली. लुगड्याचा ओचा खोचलेला, काखोटीला पिशवी, चपला हातात, आणि पाय असे पडत होते की जणू घरच्या अंगणात चालते आहे. नातवाने वरून पांढरी गाडी पाहिली होती.

"कवाधरनं हुबा हाय हितं? हाळी घालायची ना," आक्का म्हणाली.

"आक्का, गाडी वर येत नाय गं."

"मग म्या खाली आले. त्यात काय? दर बाजाराला येतेच की."

अप्पांनी तिच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिलं. "तू चालत येतेस? ह्या चिखलातून?"

"मग काय उडत यीन?" तिने गाडीकडे एकदा पाहिलं, मग भावाकडे. "खरंच ह्या टायरापायी आला नाय तू? आरं, म्या म्हनलं टायराचं नुसतं निमित्त, भावजय नको म्हनत आसंल. उगा तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या दोन वर्सं." मग पदराने त्यांचं तोंड पुसत म्हणाली, "मला गाडी कवा मागितली व्हती? तुला यायचं व्हतं. रस्त्यापातूर चालाया येतंय मला."

अप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणतील, दोघांचंही बरोबर आहे. पण त्यांनी खाली वाकून बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि आक्काची पिशवी घेतली. आम्ही तिघे चिखल तुडवत मोठ्या रस्त्याला आलो. तिथून पेठपर्यंत माणसं कोंबून नेणारी वडाप जीप मिळाली. तिच्या टायरांवर नक्षी म्हणून शिल्लक नव्हती, पण त्या दिवशी टायरांकडे फक्त मीच पाहिलं. पुढे एसटीत आक्काने खिडकी पकडली आणि नाशिक येईपर्यंत भावाचा हात सोडला नाही.

पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली. व्याही म्हणाले पेटी मड टायरांनी मोडली, साडू म्हणाले ऑल टेरेननी मोडली, आणि दोघेही दुखावले. इतकी वर्षं अप्पा ज्याला भीत होते ते एकदाचं घडलं आणि काहीसुद्धा झालं नाही. आक्काला परत सोडायच्या वेळी दोघांनीही आपापल्या गाड्या देऊ केल्या. अप्पा दोघांना "नको" म्हणाले. सरळ, नुसतं नको. मी कान टवकारले, पण पुढे काहीच आलं नाही. नंतरच्या सगळ्या पंचम्यांना ते एसटीने गेले आणि अनवाणी चढ चढले. याचा अर्थ ते सुधारले असा मात्र नाही. चहा-कॉफीचं तसंच होतं, आणि पिकअप पुढे दोन, मागे दोन अशीच पार्किंगमध्ये उभी राहिली, कारण दुरुस्त करावी की विकावी हे ठरत नव्हतं.

गेल्या फाल्गुनात अप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. दशक्रियेला आम्ही सगळे गोदाघाटावर जमलो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. मला तर ती मान ओळखीची वाटली. मुलाने हात जोडून आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा हलला नाही. मग विठ्ठलराव पुढे झाले. "अप्पासाहेब, गाडीला चारही ऑल टेरेन बसवून घेतो, निश्चिंत जा." कारभारीभाऊ मागे कशाला राहतील? "अप्पा, चारी मड टाकतो, माझा शबुद." कावळा आणखी मागे सरकला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. आक्का बाजूला पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती, नुसती पाण्याकडे बघत होती. गावातल्या बाया आता तिला काय विचारतील, ते माझ्या डोक्यात आलं आणि तोंडून निघून गेलं, "अप्पा, पंचमीला आक्काला न्यायला मी जाईन."

कावळा आला. मी कावळ्याबिवळ्यांतला नाही. दुपार कलली होती, त्यालाही भूक लागली असेल. पण शब्द दिला तो दिला.

या पंचमीच्या आदल्या दिवशी मी एसटीने निघालो. निघण्याआधी बूट घालावेत की सँडल, यावर माझी आणि बायकोची सकाळभर चर्चा झाली, त्यात शेजारच्यांनीही मतं दिली. शेवटी सँडल घातल्या. त्या चढावर त्यांनी किलो-किलोचा चिखल धरला आणि मी दोनदा बसलो. आक्का पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी होती. वाटेवर एका म्हातारीने विचारलं, "आक्का, कोन आलंय गं?"

"भाऊ आलाय न्यायला," आक्का म्हणाली आणि पुढे चालू लागली. मला अप्पांची फार आठवण आली. उताराच्या तोंडाशी ती थांबली, वळून माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते काढ. हातात घे."

मी सँडल काढल्या, हातात घेतल्या आणि तिच्या मागोमाग उतरू लागलो. चिखल थंडगार होता आणि पाय कुठेही घसरला नाही.